काठोकाठ पियाला

मार्गिलान, गुरुवार

ती. शरयूताईस धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकलो खरा, सरळ व्हायला वेळ लागला. तुझे गुडघे कसे आहेत?)

इकडे आज सारं क्षेम आहे, मंगळवारी नव्हतं. आमची मुहय्यो शाळेत पदार्थविज्ञान शिकवते आणि तिथल्याच रसायनाच्या मास्तरांवर तिचा जीव जडलाय, हे तुला ठाऊक आहेच. वर्गासाठी तिला घरातल्या जिनसांच्या वस्तुमान, आकारमान नि घनतेचा तक्ता हवा होता. मी म्हटलं, सत्तावीस वर्षं इथल्या उझबेक मुलांना वैशेषिक दर्शन शिकवतोय, एवढं मी करीन. (त्या दर्शनात गुरुत्व हे पतनाचं कारण सांगितलंय. माझ्या पतनाचंही तेच, हे नंतर कळलं.) आकारमान सगळ्यांचं सारखं हवं म्हणून चहाचा एकच पियाला घेतला आणि पाणी, तेल, मीठ, मध, हाती येईल ते काठोकाठ भरून काट्यावर ठेवत गेलो. मीठ फार खोडसाळ. पियाला जरा आपटला की खाली बसतं आणि आणखी मागतं.

गरम चहा पाण्याहून हलका भरतो का, हे पाहायच्या बेतात होतो, तोच मास्तरांची मावशी ओयदिनखाला मुलगी मागायला आल्या. तुझी भावजय सानोबर अंगणात तंदूरपाशी. मी हातातला पियाला तसाच त्यांच्यापुढे ठेवला. ताई, इथे पाहुण्याला चहा अर्ध्याहून कमी द्यायचा, म्हणजे पुन्हापुन्हा भरता येतो. काठोकाठ भरला, म्हणजे "या आता". खालांनी पियाल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चपला शोधल्या. सानोबर पिठाच्या हातांनी आत आली तोवर फाटक लागलं होतं.

"दोमला, इतकी वर्षं इथे राहून शिकलात काय?" तिने विचारलं. (दोमला म्हणजे गुरुजी. एरवी मी मुहय्योचा बाबा असतो.) मुहय्यो जेवली नाही.

काल काटा, पियाला आणि तक्ता घेऊन मी खालांच्या दारी गेलो. पियाला मोजमापासाठीच भरला होता याचा पुरावा म्हणून वाचून दाखवलं: पाणी साडेतीनशे ग्रॅम, त्यांनीच मागे पाठवलेला मध चारशे तीस; म्हणजे मध पाण्याच्या जेमतेम सव्वापट. खालांकडे मधमाश्यांच्या चाळीस पेट्या आहेत.

"काल घालवून दिलंत, आज माझ्या मधात पाणी आहे म्हणताय?"

त्यांनी माझा पियाला रिकामाच काट्यावर ठेवला, काहीतरी पुटपुटल्या, मग त्यात काठोकाठ मध ओतून माझ्यापुढे सरकवला. मी उठलो. (रीत आता पाठ झाली होती.)

"बसा हो, मोजतेय. रिकामा पियालाच दीडशे भरतो, दोमला. तो वजा कोणी करायचा, माझ्या माश्यांनी?"

वजा केला, दोनशेला दोनशे ऐंशी. एक पूर्णांक चार, म्हणजे अस्सल मध. खाला डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि त्यांनी चहा ओतला, तळ झाकेल न झाकेल इतका.

"घ्या, व्याही."

इतका कमी चहा मला जन्मात कोणी दिला नव्हता. डोळे भरून आले. (काठोकाठ नव्हे.)

तुझा,
बाळकृष्ण

ता. क. लग्न नवरोजनंतर. येताना घरातलं पितळी मापटं आण.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण हे. मॅट्रिकला मला गणितात किती गुण होते, असं खाला तुला विचारणार आहेत. तुला आठवत नाही.

ता. क. तिसरा. आमच्याकडे भरलेला पियाला मिळाला तर रागावू नकोस, तो मी भरलेला असेल. सानोबरने भरला असेल, तर मात्र तू खरं सांगितलेलं असेल.