धुतलेली पानं

दादा,

तुमच्या बॅटरीच्या कारखान्यालगतच्या झाडांची पानं तपासायला मी येणार, हे कळताच तू माळ्याकडून सगळी झाडं पाइपने धुवून घेतलीस. वर मलाच म्हणालास, "बघ, कशी हिरवीगार आहेत!" अरे शहाण्या, पानं आम्हीही धुऊनच तपासतो. आत मुरलेलं शिसं पाण्याने जातं का? कुंपणापलीकडची मुलं त्याच मातीत खेळतात. पण अहवालात तसं लिहिलं, की सख्ख्या बहिणीने पोटावर पाय दिला म्हणून तूच गळा काढशील.

वहिनी सांगत होती, हल्ली कामावरून आलास की आंघोळ केल्याशिवाय तू छोटीला उचलून घेत नाहीस.

म्हणजे तुला सगळं ठाऊक आहे!

हे पत्र काही मी टाकत नाही. अहवाल मात्र उद्याच जातोय.

तुझीच, अजून तरी,
बहीण