तो रकाना मी भरला होता

प्रिय एलियास,

तुझी लेक सेल्मा मला अंकल म्हणते. आम्ही कधी भेटलेलो नाही. परवा सकाळी तिचा फोन आला, "अंकल मारोती" म्हणाली आणि तुझ्याबद्दल 'होते' असं बोलायला लागली. तेवढ्यावरून मला समजलं. तू जाऊन तीन आठवडे झाले होते. तुझ्या वहीत माझा नंबर सापडायला तिला तेवढे दिवस लागले.

पण तू गेलास एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो नाही. फोन ठेवण्याआधी तिनं मला एक गोष्ट विचारली. देशाच्या स्वातंत्र्यासाठी ज्यांनी काम केलं त्यांची यादी तुझ्या जुन्या साथीदारांनी ठेवली आहे. तीत तुझ्या नावापुढे अजून "चौकशी" असा शेरा आहे म्हणे. त्यातले काही जण तुझ्या मातीलासुद्धा आले नाहीत. "अंकल, तुम्ही बाबांच्या कॉलेजच्या ऑफिसात होता ना? ज्या कागदावरून हा शेरा पडला तो कोणी लिहिला होता, शोधून काढता येईल का?"

मी म्हणालो, "बघतो."

हेच मी तुलाही म्हणालो होतो. चाळीस वर्षं होत आली त्याला.

शोधण्यासारखं काही नाही, एलियास. तो कागद मी लिहिला होता.

तू परभणीला आलास ते उन्हाळ्यात. आम्ही परदेशी विद्यार्थी पाहिले होते, पण तुझ्यासारखा कागद घेऊन आलेला कोणी पाहिला नव्हता. तुझ्याजवळ पासपोर्टच नव्हता! तुझा नामिबिया तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या लष्करानं धरून ठेवलेला. न्यूयॉर्कला देशोदेशींची सभा भरते, तिनं हा कब्जा बेकायदा ठरवला होता आणि तुमच्या लोकांना जगात फिरता यावं म्हणून स्वतःचा एक प्रवासाचा कागद दिला होता. आपलं सरकार तो कागद मानत होतं. दक्षिण आफ्रिकेशी आपला व्यापार बंद, जाणंयेणं बंद. आमच्या पासपोर्टावर त्या देशाला हा चालणार नाही असं छापलेलं असे. हे सगळं मला तू सांगितलंस. मी झरीला मेंढरं राखणाऱ्या आबांचा मुलगा, घरात पहिला नोकरीला लागलेला, मला यातलं काय माहीत?

स्टेशन रोडच्या हॉटेलवाल्यानं तुझं नाव ऐकलं आणि तुला इलियासभाई करून टाकलं. सलाम काय करायचा, बसायला खुर्ची काय पुसून द्यायचा! तू चर्चला जाणारा माणूस आहेस हे त्याला सांग म्हणून मी तुझ्या मागे लागलो. तू म्हणालास, "राहू दे की. भजे गरम देतोय." वर्षभरात तू आमच्यासारखंच बोलायला लागलास. "लय गरम व्हायलंय" म्हणत वर्गात शिरायचास आणि पोरं बाकं वाजवायची.

मेंढ्या बघायला म्हणून तुला पहिल्यांदा झरीला नेलं, आठवतं? तू पशुवैद्यकीचा विद्यार्थी, तुझ्या घरी गुरं आणि शेळ्यामेंढ्या. आमची मेंढरं तेव्हा एका शेतात खतासाठी बसवलेली होती. तू कुणाला न विचारता सरळ कळपात शिरलास आणि एक लंगडी मेंढी धरून तिचा खूर बघायला लागलास. आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्याला शिकवायला कशाला लागतंय? तूच शीक ह्याच्याकडून. ऑफिसात बसून तुला मेंढी कोणती आन् बोकड कोणतं कळंना झालंय."

दर रविवारी तू यायला लागलास. मी आलो नाही तरी यायचास.

तिसऱ्या वर्षी दिल्लीहून तुला पत्र आलं. तुमच्या चळवळीची दिल्लीत कचेरी होती. त्यांनी न्यूयॉर्कच्या सभेपुढे साक्ष द्यायला म्हणून तुझं नाव निवडलं होतं. कब्जाखाली माणसं कशी जगतात हे तिथं वाढलेल्या एकानं सगळ्या देशांच्या प्रतिनिधींसमोर उभं राहून सांगायचं होतं. इतकं खूश तुला मी आधी कधी पाहिलं नव्हतं. भाषण वीस मिनिटांचं बसवायचं होतं. तू ते झरीला येऊन म्हणायचास, दुपारी, बाभळीखाली. तू इंग्रजीत वाचायचास, मी आबांना मराठीत सांगायचो.

तुमच्या गावच्या दुकानाला दोन तोंडं होती. गोऱ्यांनी पुढच्या दारातून आत जायचं, तुम्ही मागच्या खिडकीशी उभं राहायचं, कितीही वेळ. दिवस मावळायच्या आत घरात नसलं तर शिपाई गोळी घालू शकत. रात्री आजारी पडलेल्या बहिणीला तुझी आई दवाखान्यात नेऊ शकली नाही, ते सांगताना तू कागदावरून नजर काढायचा नाहीस.

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हणाले, "मागल्या खिडकीचं म्हनतोस तसं आमच्याकडं बी हाय, बाबा. गावात काई घरं हायती, तिथं आमाला पानी वरून वततेत. आन् आमी बी दुसऱ्यांला तसंच वततो. खोटं कशाला बोलू?"

तू कागद खाली ठेवलास.

"मंग हे जगाला कोनी सांगितलंच न्हाई का?"

"तेच सांगायला जायलोय, आबा."

"जा मंग. आन् तिथं बसलेले मोठे लोक ऐकायलेत असं वाटलं, तर आमचं बी सांग."

तू किती हसलास! आणि मग भाषणाच्या कागदावर खाली खरोखरच काहीतरी लिहिलंस. काय लिहिलंस ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, नाही का?

आता त्या कागदाचं सांगतो.

दरवर्षी आमच्या ऑफिसातून परदेशी विद्यार्थ्यांची यादी जायची, एक प्रत पोलिसांना, एक दिल्लीला शिष्यवृत्तीच्या ऑफिसला. टाइप मी करायचो. त्या वर्षी नवा फॉर्म आला होता. त्यात राष्ट्रीयत्वाचा रकाना आणि सोबत देशांची छापील यादी, त्यातलंच नाव लिहायचं. यादीत नामिबिया नव्हता. तू वर्गात होतास, तुला बोलावून घ्यायला पाच मिनिटं लागली असती. हेडक्लार्क म्हणाले, "आज टपाल गेलं पायजे. रकाना रिकामा ठेवू नका, फॉर्म वापस येतो." मी लायब्ररीतला जुना नकाशा उघडला. त्यात तुझा देश आणि दक्षिण आफ्रिका एकाच रंगात होते. मी दक्षिण आफ्रिका टाइप केलं आणि जेवायला गेलो.

एवढंच. वाईट हेतू नव्हता म्हणून मी किती वर्षं स्वतःला समजावलं!

दोन महिन्यांनी दिल्लीहून विचारणा आली. एका कागदावर नामिबिया, दुसऱ्यावर दक्षिण आफ्रिका, हे कसं? या विद्यार्थ्याजवळ त्या सरकारचा पासपोर्ट आहे काय? हेडक्लार्कनी तो कागद माझ्या टेबलावर टाकला. "मारोती, खुलासा लिहा. आन् जपून लिहा. तुमची ऑर्डर अजून कायमची झालेली न्हाई."

मी खुलासा लिहिला. "सदर माहिती विद्यार्थ्याने स्वतः दिल्यानुसार नोंदविण्यात आली आहे."

ऑफिसात हे वाक्य आम्ही सगळेच लिहायचो. जन्मतारीख चुकली, अर्जदारानं दिल्यानुसार. आडनाव चुकलं, अर्जदारानं दिल्यानुसार. चूक कधीच टेबलाच्या आतल्या बाजूची नसायची. हे लिहायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. खाली दस्तखत करून मी चहा प्यायला गेलो, तर तूच भेटलास आणि चहा तूच पाजलास.

माझी ऑर्डर कायम झाली. तुझं न्यूयॉर्क गेलं.

तू स्वतःहून त्या जुलमी सरकारचा नागरिक म्हणून नोंद करून घेतोस, असा माझ्या खुलाशाचा अर्थ झाला. शिष्यवृत्तीच्या ऑफिसातून तो तुमच्या कचेरीत पोचला आणि त्यांना वाटलं, हा दोन्हीकडं पाय ठेवून आहे. कदाचित खबरा देतो. त्या काळात तुमच्यातल्या माणसांना अशा संशयावरून काय काय सोसावं लागलं ते मी पुढे वाचलं. तुझं नुसतं वगळण्यावर भागलं. तुझी शिष्यवृत्ती थांबली, वर्ष वाया गेलं. पुण्याला शिकणारे तुझ्या देशाचे दोघं मित्र दिवाळीच्या सुट्टीत यायचे, ते यायचे बंद झाले. साक्ष द्यायला दुसरा कोणीतरी गेला. तोही चांगलाच बोलला असेल. पण मागच्या खिडकीचं, तुझ्या बहिणीचं, त्यानं कसं सांगितलं असणार?

तू माझ्या टेबलापाशी आलास. ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. म्हणालास, "मारोती, मी असं सांगितलं न्हाई. तुला म्हाईत हाय ना?"

"माहीत आहे."

"मंग हे कोनी लिवलं? तू हितंच असतोस. शोधून काढ ना."

"बघतो," मी म्हणालो. फाइल माझ्या डाव्या हाताखाली होती!

पुढच्या रविवारी तू विचारलंस, मी म्हणालो बघायलोय. त्याच्या पुढच्याही. मग तू विचारायचं सोडलंस. आबांनी मात्र सोडलं नाही. "त्या लेकराचं काम केलास का रं?" ते जेवतानाच विचारायचे. मी म्हणायचो, वरून अडलंय. एकदा त्यांनी भाकरी तशीच ठेवली आणि म्हणाले, "वर म्हंजे कुटं? तुमच्या ऑफिसाला माडी तर न्हाई."

मी उठून हात धुतले.

तूही कसा रे! कधी एकदाही माझ्यावर संशय आला नाही तुला? हेडक्लार्कचं नाव तू घेतलंस, पोलिसांतल्या जमादाराचं घेतलंस, अगदी पोस्टमनचंसुद्धा. माझं कधीच नाही. तू मला एकदा जरी डोळ्यात बघून विचारलं असतंस, "तू लिहिलंस का?" तर मी खरं बोललो असतो. असं मी आजवर धरून चाललो. पण ते खरं आहे का, मला सांगता येत नाही. बहुतेक तेव्हाही मी हेडक्लार्ककडं बोट दाखवलं असतं. म्हणजे तू विचारलं नाहीस हा दोष तुझ्यावर टाकणं हाही एक खुलासाच झाला. माफ कर.

एका वर्षानं कुठूनतरी कागद सुटला, शिष्यवृत्ती परत सुरू झाली, तू पदवी घेतलीस. जाताना झरीला आलास. आबांनी तुला घोंगडी दिली आणि तू वाकून त्यांच्या पाया पडलास. नंतर थोड्याच काळात तुमचा देश स्वतंत्र झाला. ते मी रेडिओवर ऐकलं. आबा म्हणाले, "त्यानं न जाता बी झालं म्हनायचं." त्यांनी ते आनंदानं म्हटलं होतं. मला तिथं बसवेना.

तुझी पत्रं यायची वर्षातून एक. गुरांचा डॉक्टर झालास, लग्न झालं, सेल्मा झाली. मी उत्तरात पावसापाण्याचं लिहायचो. आबा गेल्याचं कळवलं तेव्हा तू लिहिलंस की दिवसभर कुणाशी बोलला नाहीस. दर वेळी मी लिहायला घ्यायचो आणि वाटायचं, आता कशाला? सगळं सुरळीत झालंय, त्याला उगाच त्रास. त्या यादीचं तू एकदाही कळवलं नाहीस. मला काय माहीत की तिथं, तुझ्या स्वतंत्र देशात, तुझ्या गावच्या सभेत मागच्या बाकावर बसताना माझं ते वाक्य तुझ्या शेजारी बसत होतं?

सेल्मा म्हणाली, शेवटच्या आजारात तू तिला सांगितलंस, "मारोतीला विचार. तो प्रामाणिक माणूस आहे, त्याला सापडलं तर तो सांगेल."

एलियास, हे ऐकून मी फोन ठेवला आणि बायकोनं विचारलं तेव्हा तू गेलास एवढंच सांगितलं. काल रात्री जेवण झाल्यावर तिला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती ताटं गोळा करत राहिली. तुला तिच्या हातची ज्वारीची भाकरी आवडायची. मग म्हणाली, "तो आपल्या चुलीपाशी बसून जेवायचा की हो." आणि उठून आत गेली. आज सकाळपासून माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

तर आता माझं ठरलं आहे. सोमवारी कोर्टात जाऊन शपथपत्र करणार. इंग्रजीतलं आणि मराठीतलं, दोन्ही. माझं पूर्ण नाव, तेव्हाचं पद, आणि खाली सरळ: हा रकाना मी भरला, विद्यार्थ्याला विचारलं नव्हतं, खुलासा खोटा होता, आणि तो खोटा आहे हे लिहिताना मला माहीत होतं. ते तुझ्या साथीदारांकडे जाईल. यादीतला शेरा निघेल की नाही ते त्यांच्या हातात आहे. नाही निघाला तर परत लिहीन.

पण कागद पाठवून मी मोकळा होणार नाही. कागदामागं लपायची मला जन्मभराची सवय आहे. म्हणून त्याआधी, हे पत्र संपलं की लगेच, सेल्माला फोन लावणार आहे. तुमच्याकडे आता सकाळ असेल. माझं इंग्रजी ऑफिसातलं, पण एवढं सांगायला पुरेल. तिनं मध्येच फोन ठेवला तरी परत लावीन आणि पूर्ण सांगीन. त्यानंतर ती मला अंकल म्हणाली नाही तर ते बरोबरच असेल. हे तुला वचन.

तुझ्या चांगुलपणाला न शोभलेला,
मारोती
झरी