ओळख नसलेला मोर

३ फेब्रुवारी, सोमवार
…अन् आपाचं, म्हणजे माह्या मोठ्या बहिणीचं, म्हणणं मले अजूनही पटलं नाही. म्हणे, "फैज, तू फक्त बिलं टाईप कर. बाकी कायलेच हात नको लावू." बिलं! मी इंग्लिश मीडियमचा माणूस!

ठराव १: आपाच्या भरतकामाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरची सगळी सिक्युरिटी आजपासून माह्याकडे. आपाले सांगतलं नाही. सिक्युरिटीत सीक्रेट ठेवाच लागते.

ठराव २: मराठी सुधारणे. नोकरभरतीच्या परीक्षेत मराठीचा पेपर आहे. म्हणून ही डायरी मराठीत, अन् कॉम्प्युटरची भाषाही मराठी करून टाकली. आपा वरडली. म्हटलं, आपा, मातृभाषा आहे. आपा म्हणे, "कोणाची?"

४ फेब्रुवारी
मारेगावकडच्या तांड्यावरून लाली मावशी आली. पोरीचं, शीलाचं, लग्न २३ तारखेले. सगळ्या करवल्यांच्या ब्लाउजवर, पाठीवर, एकसारखा मोर पाह्यजे. मावशी म्हणे, "असा मोर काढ बाई, का वऱ्हाडी जेवण सोडून पाठी पाहतीन." लग्नघरात आपाचं काम दिसलं का अख्ख्या तालुक्यातून ऑर्डर येते. आपाले हे माहीत आहे. सकाळपासून कामाच्या नादात चहा थंड करून पेत आहे.

मोर कॉम्प्युटरवर काढा लागते, एकेक पीस माऊसनं. मग पेनड्राइव्हनं एम्ब्रॉयडरी मशीनमध्ये. म्हटलं, आपा, नेटवर तयार मोर भेटते, फुकट. तिनं ऐकलं नाही. कलाकार लोकं असेच.

६ फेब्रुवारी
भेटला! मोर, अन् त्याच्यासोबत पाच हजार डिझाइन फ्री. डाउनलोड दाबलं. कॉम्प्युटर म्हणे, ही फाइल सहसा डाउनलोड केली जात नाही. म्हणजे युनिक आहे! "ठेवा" दाबलं.

उघडाले गेलो तं निळा पडदा. "हे ॲप ओळखीचं नाही. चालवण्याची शिफारस नाही."

मले एकदम राजूर आठवलं. तिथं एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात ऑपरेटरच्या जागेसाठी गेलतो. साहेब म्हणे, "ओळख कोणाची?" म्हटलं, कोणाचीच नाही. "कोणाची सिफारिश?" नाही. म्हणे, कळवतो. दीड वर्षापासून कळवूनच राह्यला.

अन् आता कॉम्प्युटरही तेच विचारून राह्यला! गरीब मोर. त्याची ओळख नाही, सिफारिश नाही, म्हणून दरवाज्यातून वापस?

ठराव ३: माह्या राज्यात वशिला चालणार नाही.

८ फेब्रुवारी
सेटिंगमध्ये खोल गेलतो. तिथं काय लिहिलं आहे? "प्रतिष्ठेवर आधारित संरक्षण." प्रतिष्ठा म्हणजे इज्जत, डिक्शनरीत पाह्यलं. म्हणजे बड्या घरची फाइल सलाम ठोकून आत, अन् आपल्यासारखी बाहेर उभी! बंद करून टाकलं. "खात्री आहे का?" म्हणे. पक्की आहे.

कोपऱ्यात पिवळा त्रिकोण लागला. बाजूलेच अब्बूचं ट्रकचं गॅरेज आहे. हात पुसत डोकावले, म्हणे, "हे काय लागलं?" म्हटलं, काही नाही अब्बू, उगाच भेवाडते. अब्बू म्हणे, "ड्रायव्हर लोकंही असेच. डॅशबोर्डवर लाल लाइट लागला का बल्बच काढून टाकतात. मग हायवेवरून टोचन करून, ओढत ओढत, माह्याकडेच आणा लागते."

अब्बूले सॉफ्टवेअर अन् हार्डवेअरमधला फरक कळत नाही.

९ फेब्रुवारी
मोराचं ते ॲप चालवलं. काहीच झालं नाही. मोरही दिसला नाही. बहुतेक शांत स्वभावाचं आहे.

१० फेब्रुवारी
कॉम्प्युटर स्लो. पंखा जोरात. आत मेहनत चालू आहे.

१२ फेब्रुवारी
स्क्रीनवर आपोआप रमी, पोट कमी करायची गोळी, अन् परदेशी मुली उघडून राह्यल्या. नेमकी लाली मावशी आपाचा अर्धा झालेला मोर पाहाले समोर बसली होती. पदर तोंडाले लावून म्हणे, "बाबू, हे तुयंही लग्न जमवून राह्यले का?" मी समजावलं का नेटवर्क वाढलं. ओळखी होऊन राह्यल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
आपाचा मोर पुरा झाला. खरं सांगतो, पाहत राह्यलो. एकेका पिसात तीन रंग. आपा पहिल्यांदा गरम चहा पेली. म्हणे, उद्या मशीनवर चढवते. लिहिलं नाही कधी, पण माही बहीण भारी आहे.

१५ फेब्रुवारी
सगळ्या फाइलींच्या नावाले मागं नवीन शेपूट फुटलं आहे. एकही उघडत नाही. आपाचा मोर, जुन्या डिझाइन, बिलं, सगळं.

स्क्रीनवर इंग्लिशमध्ये चिठ्ठी. आपा म्हणे, वाच, काय लिहिलं. वाचली. पैसे पाठवा तं फाइली खुलतीन. पण सुरुवात "डिअर फ्रेंड" अशी होती. दीड वर्षात मले कोणीतरी ओळख दाखवली.

आपा रडली नाही. वरडलीही नाही. कॉम्प्युटरची वायर काढली अन् गुंडाळाले लागली. वरडली असती तं बरं झालं असतं.

१६ फेब्रुवारी
कॉम्प्युटर यवतमाळले नेला. दुकानदारानं सगळं पुसून दिलं. म्हणे, "प्रोटेक्शन कोणं बंद केलं?" मी बाहेर मोटारसायकलीजवळ उभा होतो, म्हणून उत्तर देता आलं नाही.

सकारात्मक बाजू: भाषा पुन्हा मराठीच ठेवाले लावली.

२० फेब्रुवारी
आपा मोर पुन्हा काढून राह्यली, पह्यल्यापासून. डोळे लाल. माह्याशी बोलत नाही. मी चहा नेऊन ठेवतो. थंड होते.

२२ फेब्रुवारी
ब्लाउज तयार. लाली मावशी मोरावर हात फिरवत राह्यली, मग म्हणे, "हा तं त्या दिवशी दाखवला त्याच्याहून देखणा हाय माय! मान पाह्यली का, कशी ऐटीत!"

मी म्हटलं, मावशी, पहिला मोर गेला म्हणूनच हा आला. तसं पाह्यलं तं माह्यामुळेच.

आपा आठवड्यानंतर पहिल्यांदा माह्याशी बोलली. "बाहेर."

२४ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी दुकानात गेलो. कॉम्प्युटरनं पासवर्ड मागतला. आपाचा वाढदिवस टाकला, अब्बूच्या टेम्पोचा नंबर टाकला, "मोर" टाकलं. उत्तर एकच: "तुमची ओळख पटली नाही."

खाली माह्यासाठी वेगळं खातं दिसलं. नाव: पाहुणा. त्यात फक्त बिलं टाईप होतात. वॉलपेपर बदलाले गेलो तं म्हणे, परवानगी नाही.

अब्बूकडे गेलो. म्हटलं, आपाकडे माही सिफारिश करा ना. ट्रकखालून नुसते पाय दिसत होते. पाय म्हणे, "तुयाच राज्यात वशिला चालत नाही ना बेटा? मोठ्यानं वाचत वाचत लिहितं तू. गॅरेजवर आयकू येते."

डायरी, आता तूच सांग. सगळ्यात जास्त तूच मले ओळखतं. मी काय संशयास्पद दिसतो का?