मॅक्रोतली चौथी ओळ

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय धाकट्या,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. आईचे गुडघे जसेच्या तसे. चार वर्षांत तू एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस, तरी लिहितेय. माझी खोड तुला ठाऊक आहे.

आपल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नवे कॉम्प्युटर आले आणि तुझे शॉर्टकट बंद पडले. कंट्रोल आणि एम दाबलं की आधीच्या पेशंटचा पत्ता नव्या नोंदीत यायचा, आठवतं? एकाच घरातली माणसं ओळीने आली की किती सोय व्हायची! आता नुसतं टुंग वाजतं. नव्या प्रोग्रामने ती की स्वतःच्या कामाला घेतलीय, हे कळायलाच दोन दिवस गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, "भावाचं ते लचांड काढून टाका एकदाचं. एक डोळा गेला तेवढा पुरे." मी मान डोलावली. त्यात माझा हात कोण धरणार!

तो डोळा शिवणकाम करणाऱ्या मावशींचा. तपासणीनंतर त्यांना तातडीने बोलवायचं होतं, पण नोंदीत फोन नंबर दुसऱ्याच पेशंटचा. मावशी तीन आठवड्यांनी आल्या. शॉर्टकटमागचा मॅक्रो तुझा, म्हणून तुला कामावरून काढलं.

काल त्या खिडकीशी आल्या होत्या. म्हणाल्या, "तुझ्या भावाला कळव गं, माझा राग नाही त्याच्यावर. चुकतं माणूस." मी त्यांना पुढची तारीख दिली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

धाकट्या, तुझ्या ओळी तीनच होत्या, तिन्ही पत्त्याच्या. फोन नंबर उचलणारी चौथी ओळ माझी. तू रजेवर होतास, माझी बोटं दुखत होती. घरच्यांचा नंबर बहुतेक एकच असतो, म्हटलं तेवढंच टायपिंग वाचेल. मग एका इमारतीतल्या शेजाऱ्यांनाही मी तोच शॉर्टकट वापरत सुटले. मावशी त्यातल्याच.

हे मला काल कळलं, असं लिहिणार होते. खोटं आहे. तुला बोलावलं त्याच सकाळी कळलं होतं. "फोन नंबर माझ्या मॅक्रोत नव्हताच," असं तू बाईंना म्हणालास आणि माझ्याकडे बघितलंस. मी प्रिंटरमध्ये कागद घालत होते. प्रिंटर आधीच भरलेला होता. तू पुढे एक शब्द बोलला नाहीस.

आज बाईंना सगळं लेखी दिलं. उद्या मावशींच्या घरी जाऊन सांगणार आहे, त्यांनी तोंडावर दार लावलं तरी. नोकरी राहील असं वाटत नाही. खरं सांगू, गप्प राहून राहून थकले रे.

तुला ये म्हणायला मला तोंड नाही. आईला मात्र एक फोन कर.

शॉर्टकट चालू केलाय. दुसरी की दिली, चौथी ओळ पुसली. सुरुवातीला तुझी टीप अजून आहे, "बनवला: धाकटा." तिच्याखाली आज एवढंच लिहिलं:

बिघडवला,
ताई