शांत माणसाचा मिनिमम ड्यू

१ जानेवारी
या वर्षी दोनच गोष्टी. एक, क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं. दोन, राग बंद. दुसरी बायकोने सुचवली. मला मुळात राग येतच नाही, त्यामुळे ती आजच पूर्ण झाली असं धरायला हरकत नाही.

पहिलीही अवघड नाही. कार्डावर ऐंशी हजार आहेत. गॅरेज स्वतःचं. गाड्यांचे पोचे काढण्यात माझा हात धरणारा या भागात कोणी नाही. लोकांनी दोन-चार गाड्या नीट आपटल्या की झालं काम.

४ जानेवारी
स्टेटमेंट आलं. त्यात दोन आकडे छापतात. एक एकूण, एक मिनिमम. मिनिमम फक्त चार हजार. बँकेलाच घाई नाही, तर मी कशाला करू? मिनिमम भरलं. एकदम हलकं वाटलं. त्या आनंदात बूट घेतले. कार्डावर.

संध्याकाळी मेहुणा टपकला. हा बायकोचा धाकटा भाऊ. इलेक्ट्रिशियन. स्वतःच्या कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरतो आणि ते ऐकवायला वाट वाकडी करून आमच्याकडे येतो. म्हणाला, बाकी ठेवली की नुसतं बाकीवर व्याज लागत नाही, नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून मीटर सुरू होतं. म्हणजे बुटांवरसुद्धा. मी शांतपणे ऐकून घेतलं. मग चहाचा कप भिंतीवर गेला. कप रिकामा होता, हे कोणी लक्षात घेत नाही.

५ जानेवारी
बायकोने तुकडे गोळा केले. सॉरी म्हटलं. ती ठीक आहे म्हणाली. विषय संपला. नवा कपांचा सेट मागवला. कार्डावर.

१९ जानेवारी, दुपार
बँकेतून फोन. माझं लिमिट वाढवलंय. मागितलं नव्हतं, आपणहून. लगेच मेहुण्याला फोन करून विचारलं, तुझं वाढवलं का? नाही म्हणाला. वाटलंच होतं. पूर्ण भरणाऱ्याला बँक हिंग लावून विचारत नाही. बाकी ठेवणारा माणूस त्यांना जवळचा वाटतो.

२ फेब्रुवारी
वाईट दिवस. माझा दोष नाही.

पांढऱ्या गाडीचं बॉनेट तयार होतं. पेंटरने शेवटचा हात मारून वाळवून ठेवलं होतं. मी शेजारच्या गाडीचा दरवाजा ठोकत होतो. डाव्या हातात पत्र्यामागे धरायचा ठोकळा, उजव्यात हातोडी, फोन खांद्यावर. फोनवर बँकेची बाई. डिसेंबरचा हप्ता एक दिवस उशिरा आला होता म्हणून दंड लावलाय, असं गोड आवाजात सांगत होती. वर विचारते, आणखी काही मदत करू का? त्या क्षणी हातोडी बॉनेटला लागली. एकदा. पेंटर म्हणतो सात-आठदा. मालक बँकेशी बोलत असताना पेंटरने मोजत बसायचं काय कारण?

नवं बॉनेट मागवलं. कार्डावर. गाडीचा मालक आला तर बोलणं थोडं वाढलं. कॉलर मी धरली नाही, तो अंगावर आला तेव्हा ती माझ्या मुठीत आली. त्याच्या वरच्या दोन गुंड्या तुटल्या. पेंटरचं म्हणणं, आपल्याकडे काम कमी पडत नाही कारण निम्मं आपणच तयार करतो. पेंटरला विनोदाची सवय आहे.

१० फेब्रुवारी
संकल्प पूर्ण! पहिलं कार्ड शून्यावर आणलं. एका रकमेत. दुसऱ्या बँकेचं नवं कार्ड घेतलं आणि सगळी बाकी तिकडे वळवली. याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. मेहुण्याला हे कधी सुचलं नसतं.

बायकोला बाहेर जेवायला नेलं. पहिलं कार्ड रिकामंच होतं, त्यावर. येताना गाडीत तिने विचारलं, मग आता आपल्यावर कमी झालंय की जास्त? सरळ प्रश्न नव्हता तो, टोमणा होता. गाडीचा डॅशबोर्ड तुटला. पोरांच्या खेळण्यासारखं प्लास्टिक वापरतात हल्ली. हात सुजलाय, डाव्या हाताने लिहितोय. बायको दाराला चिकटून बसली होती. वारा खात असावी.

११ फेब्रुवारी
सॉरी म्हटलं.

२६ फेब्रुवारी
राग आवरण्याच्या क्लासला नाव घातलं. राग येत नाही, पण बायकोचं समाधान. तीन महिन्यांची फी एकदम भरली. कार्डावर.

पहिलाच दिवस छान गेला. सरांनी सांगितलं, राग आला की मनात दहापर्यंत मोजायचं. बाहेर आलो तर माझ्या गाडीमागे एकाने आपली गाडी आडवी लावलेली. मी मोजायला लागलो. चारवर होतो तेव्हा तो बोलला. आता सर हे शिकवतात, पण समोरच्याला दहापर्यंत गप्प बसायला कोण शिकवणार? त्याच्या नाकाचा खर्च मीच केला. माणुसकी म्हणून. सरांनी उद्यापासून येऊ नका सांगितलं. फी परत नाही.

१५ मार्च
दोन्ही कार्डं भरत आली. म्हणजे लिमिटपर्यंत. या वेळी मिनिममही थकलं.

आज वसुलीवाला घरी आला. किडकिडीत माणूस, हातात हेल्मेट, काखेत फाईल. बायकोसमोर माझा आकडा मोठ्याने वाचला. मी त्याला दंडाला धरून जिन्यावरून खाली नेलं. तो म्हणेल ढकललं. खाली त्याची मोटरसायकल होती, तिला लाथ बसली. पडली. टाकीला वीतभर पोचा.

आता पोचा बघितला की माझे हात शिवशिवतात, त्याला इलाज नाही. मोटरसायकल गॅरेजमध्ये घेतली, टाकी उतरवली, आतून दाब दिला, बाहेरून हळूहळू ठोकत आणली. तासभर लागला. वसुलीवाला स्टुलावर बसून चहा प्यायला आणि म्हणाला, आधीपेक्षा चांगली झाली. जाताना मिनिमम घेऊन गेला.

बायको हे सगळं गॅरेजच्या दारातून बघत होती. रात्री म्हणाली की त्या टाकीला मी किती हळू हात लावत होतो. कौतुकच केलं म्हणायचं. पण मग तोंड फिरवून का झोपली?

१ एप्रिल
बायकोबद्दल लिहायला हवं. ती एका लॅबमध्ये दात बनवते. माणसांचे खोटे दात. मेणात कोरते, एवढीशी सुरी, दिवसभर मान खाली. लॅबच्या मालकाला पैसा, हिला पगार. गेली सहा-सात वर्षं पगारातून बाजूला काढतेय. दात भाजायची स्वतःची भट्टी घेऊन घरीच लॅब टाकायची आहे तिला. ती रक्कम आता पुरी झाली.

आज ती सगळी रक्कम तिने माझ्या खात्यात टाकली. म्हणाली, दोन्ही कार्डं पूर्ण भरा आणि माझ्यासमोर कापा. भट्टी पुन्हा कधीतरी. मला फक्त घरात आवाज नको.

मला भरून आलं. या बाईसाठी मी काहीही करीन. उद्याच भरतो. पूर्ण.

२ एप्रिल, संध्याकाळ
बँकेत जायलाच निघालो होतो. वाटेत एक रंगाचं दुकान बंद होतंय. मोठा कंप्रेसर, जवळजवळ नवा, फुकटात म्हणावा असा. मी शांत डोक्याने विचार केला. पैसे बँकेत घातले तर मरतात. कंप्रेसरमध्ये घातले तर काम दुप्पट, कमाई दुप्पट, कार्डं चार महिन्यांत आपोआप फिटतात आणि बायकोला भट्टी पण मिळते. शिवाय दोन्ही कार्डांचं मिनिमम भरलंच.

तिला नीट वेळ बघून सांगीन.

६ एप्रिल
वेळ मिळायच्या आत वसुलीवाल्याने तिला सांगितलं, या वेळीही मिनिममच आलंय. टाकी दुरुस्त करून दिली त्याचे हे उपकार.

ती ओरडली नाही. नुसती विचारत होती, सगळे गेले? सगळे? तेच तेच. मी बाहेर निघालो. माणसाने अशा वेळी बाहेर पडावं हेच सर सांगत होते. ती मागे आली, तिचा हात चौकटीवर होता. दार वाऱ्याने आपटलं.

उजव्या हाताची दोन बोटं. मी आवाज ऐकला. तिचा नाही, ती ओरडलीच नाही. बोटांचा.

हॉस्पिटलमध्ये मी कार्ड पुढे केलं. मशीनने नाकारलं. दुसरं दिलं. तेही. काउंटरवरची मुलगी सभ्य होती, तिने दोनदा प्रयत्न केला. मेहुणा आला आणि त्याने पूर्ण बिल भरलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, हाडं जुळतील पण बारीक कामाचं सांगता येत नाही.

बाकावर तिच्याशेजारी बसून सॉरी म्हटलं. मनापासून. दार वाऱ्याने लागलं हेही सांगितलं.

ती म्हणाली, “खिडक्या बंद होत्या. आणि तुमचं सॉरीही मिनिममच असतं. बाकीचं माझ्याकडे राहतं. ते वाढत जातं.”

मग भावाबरोबर त्याच्या घरी गेली.

९ एप्रिल
तिला आणायला गेलो. मेहुणा दारात आडवा. तो म्हणाला, “भाऊजी, आज तुम्ही परत जा.” मी त्याला बाजूला केलं. म्हणजे कुंडी फेकली. ती चुकली. त्याची मूठ चुकली नाही. समोरचा वरचा दात गेला. आयुष्यात कोणाची बाकी न ठेवणारा माणूस, इथेही ठेवली नाही.

पायरीवर दात शोधत होतो. दात बनवणारी बाई आतल्या खोलीत बसलेली, हाताला प्लास्टर. खिडकीतून तिचा आवाज आला की तिचे पैसे आधी पूर्ण आणून द्या, मग पुढचं बोलू. पूर्ण म्हणजे पूर्ण. अर्धे घेऊन आलात तर दार उघडणार नाही.

पुढचं बोलू, असं म्हणाली. म्हणजे पुढचं आहे.

२० एप्रिल
कंप्रेसर विकायला काढला. घेतला त्याच्या निम्म्यात मागतात. एकाने तर हसून दाखवलं. त्याला मारलं नाही. मारायला हात उचलला, तोंडातल्या खिंडारातून वारा गेला, कळ आली, हात खाली आला. याला प्रगती म्हणतात.

घरात भांडायला कोणी नाही. काल भिंतीवर कप मारला. आवाज झाला आणि मग काहीच झालं नाही. मीच तुकडे गोळा केले. घर खायला उठतं. मला तिची फार आठवण येते, हे इथे लिहून ठेवतो, कुठे बोललो नाही.

११ मे
गॅरेजचा गाळा विकला. हत्यारांसकट, कंप्रेसरसकट. पेंटरने घेतला. हा माणूस गेली कित्येक वर्षं माझ्याकडून पगार घेऊन जपून ठेवत होता, मला पत्ताच नाही. अर्थात मी तिथेच आहे. भागीदारीच म्हणायची. रोज सकाळी नऊला तो सांगेल तो पोचा काढायचा आणि आठवड्याला पैसे घ्यायचे. पहिल्याच दिवशी त्याने मला सांगितलं की हातोडी हातात असताना फोन घ्यायचा नाही.

आलेल्या पैशांतून दोन्ही कार्डं पूर्ण भरली. खरंच पूर्ण. बँकेच्या बाईला दोनदा विचारलं, मिनिमम नाही ना? कार्डं कात्रीने कापली. उरले ते बरोबर तिचे. मोजून वेगळे ठेवले.

१४ मे, सकाळ
इस्त्रीचा शर्ट काढलाय. आज तिला आणतो. घर झाडलं, चादर बदलली, खिडक्या उघडल्या. ती आली की काय काय सांगायचं ते ठरवलंय. आवाज चढवणार नाही. भट्टीसाठी आतली खोली देणार. चार महिन्यांत सगळं रुळावर.

१४ मे, दुपार
दार तिनेच उघडलं. मेहुणा मागे उभा होता. प्लास्टर काढलंय. दोन बोटं अजून वळत नाहीत. पाकीट तिच्या हातात दिलं तर तिला ते नीट धरता येईना. तिला नोटा मोजता येत नाहीत म्हणून म्हणाली, तुम्हीच मोजा. मी तिच्यासमोर पायरीवर बसून मोजल्या. मोठ्याने. कधी नव्हे तो इतका सावकाश बोलत होतो. एकही कमी नव्हती. मान वर केली तेव्हा मला वाटलं ती हसेल.

तिने डाव्या हाताने पैसे घेतले. मी म्हटलं, आता पुढचं बोलूया. ती म्हणाली, “तेच सांगायचं होतं. आता माझं तुमच्याकडे काही राहिलं नाही.”

मग दार लावून घेतलं. अगदी हळू.

१४ मे, संध्याकाळ
मी हजारभर कमी न्यायला हवे होते.