हजार तासांची सही

ता. ४ जानेवारी

चि. धाकट्यास, आईचे अनेक आशीर्वाद.

तू कारखान्यातून पाठवलेल्या डझनभर बल्बांपैकी सात गेले, तेही चार महिन्यांत! हे वीज वाचवतात आणि वर्षानुवर्षं चालतात असं तू म्हणाला होतास, म्हणजे चूक आपल्या घराचीच असणार. वायरमनकाकांना तीनदा बोलावलं. त्यांनी सगळे होल्डर उघडले, व्होल्टेज मोजलं आणि वायरिंगमध्ये काही दोष नाही म्हणून सांगितलं. मी मात्र चारचौघांत बोलून गेले, की तुमचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. बिचारे हत्यारांची पिशवी उचलून निघून गेले. चहालासुद्धा थांबले नाहीत.

शेजारच्या मास्तरीणबाईंना दोन बल्ब दिले होते. त्यांतला जिन्यातला परवा संध्याकाळी गेला आणि त्या उतरताना पाय चुकून पडल्या. उजवं मनगट मोडलं. मी त्यांना ठासून सांगितलं, की बल्ब चांगलाच होता, माझा मुलगाच तर ते तपासतो. तपासनीस होणं म्हणजे काय खायचं काम आहे! सारखी उघडझाप केल्यानं जातात का रे ते? हल्ली मी बटणं जपून दाबते. आणि स्वेटर अंगात घालत जा, नुसता कपाटाला घालू नकोस.

पत्राची वाट पाहणारी
आई

ता. १९ जानेवारी

तीर्थरूप आईस, शिरसाष्टांग नमस्कार.

आठ-दहा दिवस उत्तर लिहितोय आणि फाडतोय. बटणं कशीही दाब. दोष तुझ्या हातात नाही, घरात नाही, काकांच्या कामात तर नाहीच नाही.

प्रत्येक खेपेतले थोडे बल्ब आम्ही हजार तास पेटते ठेवतो, मगच सही करतो. त्या खेपेची घाई होती. साहेबांनी दटावलं असं लिहिणार होतो, पण तेही खोटं. त्यांनी फक्त झालं का, एवढंच विचारलं. मी दोनच दिवसांत बल्ब उतरवले आणि हजार तासांच्या रकान्यात सही ठोकली. तुला पाठवले तेव्हा ते खराब आहेत हे मला माहीत नव्हतं. पण माहीत करून घेणं हेच तर माझं काम होतं. पुढे तक्रारी आल्या, तेव्हाही मूग गिळून बसलो.

मास्तरीणबाईंचं वाचलं आणि लपवून ठेवणं जमेना. काल साहेबांना सगळं सांगितलं. ती खेप दुकानांतून परत मागवताहेत. माझ्याकडची तपासणी काढून घेतली, आता खोकी बांधतो. तू लोकांना काय सांगशील, याचा विचार करवत नाही.

आशीर्वाद मागायला लाजणारा
तुझा धाकटा

ता. २८ जानेवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद. ते मागावे लागत नाहीत.

पत्र वाचून लाज वाटली नाही असं लिहिलं, तर खोटं होईल. दोन दिवस मागच्या दारानं ये-जा केली. मग वायरमनकाकांच्या घरी गेले. त्यांचे मुलगा-सून समोरच होते, ते बरंच झालं. बोलले होते चारचौघांत, मग माफी कोपऱ्यात कशी मागू?  मी निघताना काका म्हणाले, की उरलेले काढून ठेवा, उद्या दुसरे लावून देतो.

मास्तरीणबाईंना मी काहीच सांगितलेलं नाही. ते तुझं काम आहे. रविवारी ये. त्यांचा हात अजून गळ्यात आहे, दार उघडायला वेळ लागेल. तेवढ्यात मागे फिरू नकोस. मी बरोबर येणार नाही, तुझी बाजूही घेणार नाही. तिथलं झालं की सरळ घरी ये. मी जेवायची थांबले असेन.

रागावलेली, तरी तुझीच
आई