तरोट्याची कॉफी

१२ नोव्हेंबर १९७७, जाम
कॉफी पावडर पुन्हा महागली. मधु आमच्या हॉटेलचा गल्ला मोजता मोजता म्हणाला, "ब्राझिलात हिव पडलं, अन् जामच्या नाक्यावर माहा कप महागला काऊन, बाबा?" मग पोराला मळ्याची गोष्ट सांगितली. जवानीत चिखलदऱ्याला साहेबाच्या कॉफीच्या मळ्यावर मुन्शी होतो. बाया लाल फळं तोडत, पोती विलायतेला जात. बायांच्या मडक्यात मात्र कॉफीऐवजी भाजलेला तरोटा, टाकळ्याच्या बिया, उकळे. धुक्यात कॉफीची पांढरी फुलं... शाळेतली पहाटेची कविता मला तिथं कळली. मधुनं कविता ऐकली नाही, तरोटा ऐकला.

१५ नोव्हें.
हॉटेलमागे तरोट्याच्या शेंगांचा ढीग. सूनबाई बिया भाजते, मधु पावडरीत निम्म्या मिसळतो. ट्रकवाला खूश. "सेठ, आज कॉफी कडक है." नात छबी ढिगाजवळ भातुकली मांडून बसलेली.

१८ नोव्हें.
ढीग नीट पाहिला. तरोट्याची शेंग बारीक, विळ्यासारखी वाकडी. यात रुंद, चपट्याही आहेत. कासविंदा, तरोट्याचाच भाऊबंद. मळ्यावर बाया तो वेचून फेकत. का, ते कधी विचारलं नाही. मधुला म्हटलं, तर म्हणतो, "भाजल्यावर सारं कायंकुट्टच होते, बाबा."


१९ नोव्हें.
छबीला सकाळपासून उलट्या. फ्रॉकच्या खिशात कच्च्या बिया, चपट्या शेंगांच्याच. "आबा, मी कॉफी खाल्ली," म्हणाली. मग बोलेनाशी झाली. मिळाली त्या एस.टी.नं वर्धा.

२० नोव्हें., वर्धा
दवाखाना. डॉक्टर: "काय खाल्लं पोरीनं?"  मी सोबत आणलेली चपटी शेंग पुढे केली. तरुण माणूस, भला. उलटसुलट करून पाहिली. "याबद्दल मी कुठं वाचलेलं नाही, आजोबा. सलाईन चालू ठेवू."
पुस्तकात नाही. मग कुणाला विचारायचं, ते मधुला अन् मला एकदमच सुचलं.

२१ नोव्हें.
मधु अमरावतीच्या गाडीनं निघाला, पुढे चिखलदरा. उतारा मळ्यावरच्या कुण्या बाईला तरी ठाऊक असेलच. "एखादीचं नाव सांगा, बाबा. म्हातारी झाली असन, पण असन."
इतकी वर्षं रोज डोकी मोजून त्यांची हजेरी घेतली. सगळ्यांना 'ए बाई' म्हणायचो.
"नाव नाई आठवून राह्यलं," म्हटलं. तो तसाच गेला.
छबीचा हात गार आहे. मघाशी पाणी मागितल्यासारखं वाटलं. सूनबाई म्हणते, नाई मागितलं.